कन्सोलमागची खुर्ची सोडून ए अँड आरकडे जायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: नऊ वर्षं अंधेरीतल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग केल्यावर तुम्हाला आता म्युझिक लेबलमध्ये ए अँड आरचं काम करायचं आहे, म्हणजे नवे कलाकार शोधायचे, त्यांच्यासाठी गाणी जमवायची आणि ती बाहेर येईपर्यंत त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. त्यासाठी एमबीए करावं का, पगार कमी होईल का, आणि 'हा तर टेक्निकल माणूस, याला कलाकार काय कळणार' या शंकेला काय उत्तर द्यायचं, असं तुम्ही विचारलं आहे. मी इंजिनिअर म्हणून सुरुवात केली आणि आज लेबलसाठी कलाकार निवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लहान आहेत. एमबीए करू नका. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पैशांत तुम्ही तीन-चार नव्या कलाकारांची गाणी स्वतः बाहेर काढू शकता, आणि लेबलच्या मुलाखतीत त्याचंच वजन जास्त पडतं. पगार सुरुवातीला बहुतेक खाली येईल, कारण स्टुडिओत तुम्ही सीनिअर आहात आणि तिथे नवखे असाल. त्याची तजवीज आधी करून ठेवा, त्यावर शेवटी लिहितो. खरं बोलायचंय ते तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

'टेक्निकल माणूस' आणि 'कलाकार शोधणारा माणूस' हे दोघं मुळात एकच होते. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलात यंत्र मांडून बसले होते. एन्रिको कारुसो या इटालियन ऑपेरा गायकानं दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले, लंडनच्या कार्यालयानं नकार कळवला, आणि तरीही गायसबर्गनी ध्वनिमुद्रण उरकलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते कलकत्त्यात होते आणि गौहर जान त्यांच्या भोंग्यासमोर गात होती. भोंगा किती अंतरावर ठेवायचा याची काळजी आणि समोर कुणाला बसवायचं याची काळजी, दोन्ही एकाच डोक्यात होत्या.

सॅम फिलिप्स हे रेडिओ स्टेशनवरचे इंजिनिअर. १९५० साली त्यांनी मेम्फिसमध्ये छोटा स्टुडिओ काढला आणि दोन वर्षांनी सन रेकॉर्ड्स हे लेबल. १९५३ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाचा मुलगा पैसे देऊन स्वतःसाठी एक तबकडी करून गेला होता. जुलै १९५४ मध्ये फिलिप्सनी त्याला दोन वादकांबरोबर बोलावलं. ठरवलेली गाणी काही जमत नव्हती. मग विश्रांतीच्या वेळी एल्व्हिस उगाच एक जुनं ब्लूज गाणं मजेत, भलत्याच वेगात गायला लागला आणि बाकीचे दोघं त्यात सामील झाले. कंट्रोल रूममधून फिलिप्सनी ते ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं. १९५५ च्या नोव्हेंबरात त्यांनी एल्व्हिसचा करार आरसीए या मोठ्या लेबलला ३५ हजार डॉलरला विकला.

तिसरं उदाहरण लंडनमधलं. ६ जून १९६२ रोजी ईएमआयच्या स्टुडिओत बीटल्सची चाचणी झाली, तेव्हा कन्सोलवर नॉर्मन स्मिथ होते. निर्माते जॉर्ज मार्टिन सुरुवातीला खोलीत नव्हते. त्या मुलांनी स्वतः रचलेलं गाणं सुरू झालं तेव्हा स्मिथनी मार्टिनना कॅन्टीनमधून बोलावून घेतलं. पुढे हेच स्मिथ निर्माते झाले आणि १९६७ मध्ये पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम त्यांनी केला.

ही उदाहरणं मी मुलाखतीत फेकायला देत नाही. त्यांतून तुमच्या हातात नेमकं काय आहे ते बघा. फिलिप्सनी जे ऐकलं ते 'टेक', म्हणजे ठरवून केलेलं एक ध्वनिमुद्रण, नव्हतं, मधल्या वेळातलं गाणं होतं. हा मधला वेळ इंजिनिअरशिवाय फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. लेबलमधल्या माणसाकडे तयार लिंक येते. मेलोडाइन सॉफ्टवेअरनं सूर दुरुस्त केलेली, वेगवेगळ्या टेकचे चांगले तुकडे जोडून कंपिंग केलेली, मास्टर करून उणे चौदा लफ्स या ठरलेल्या आवाजपातळीला आणून ठेवलेली लिंक. आज अशा प्रत्येक लिंकमध्ये गायक सुरात असतो. तुम्हाला मात्र ठाऊक असतं की बाराव्या टेकला काय झालं, अंतऱ्याच्या वरच्या सुराला कोण घाबरलं, कुणी तालवादकाशी उद्धटपणे बोललं, कुणाला आपली पट्टी माहीत नव्हती, आणि कोण पाठ करून आलं होतं. एखादा पहिल्याच टेकला जीव ओतून गातो आणि पुढे विझत जातो. एखादीला सहा टेक लागतात आणि सातव्याला अंगावर काटा येतो. हा फरक पुढे फार मोठा होतो, कारण पहिल्या प्रकारच्या कलाकाराला घाईच्या सेशनमध्ये सांभाळता येतं, दुसऱ्या प्रकारच्या कलाकाराला वेळ विकत घेऊन द्यावा लागतो. करार करताना कुणी हे बघत नाही. तुम्ही बघू शकता.

आपल्याकडचं उदाहरण मात्र दुसऱ्या दिशेनं आलेलं आहे. जी. एन. जोशी हे भावगीत गायक. वकिली सोडून १९३८ साली ते एचएमव्हीत दाखल झाले आणि पुढची तीन दशकं मुंबईत मोठमोठ्या शास्त्रीय कलाकारांचं ध्वनिमुद्रण त्यांनी घडवलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तीन तरुणांना एकत्र बसवून एक कल्पना तबकडीभर फुलवायची, ही जोखीमही त्यांच्याच काळातली. ते काचेच्या पलीकडून, गायकाच्या बाजूनं आले. मराठी लेबलमध्ये आजही बहुतेक निर्णय घेणारे असेच, गाण्याच्या किंवा व्यापाराच्या बाजूनं आलेले असतात. म्हणून 'मलाही गाण्यातलं कळतं' हे सिद्ध करायला जाऊ नका. त्यांच्याकडे ते आहे. त्यांच्याकडे नसलेलं आणा.

आता जे सोडावं लागेल त्याबद्दल. माझ्या मते हेच सगळ्यात अवघड आहे.

आपला कान दुरुस्तीसाठी घडलेला असतो. डेमो लागला की पहिल्या चार सेकंदांत आपल्याला खोलीचा घुमारा ऐकू येतो, 'स' टोचतो, ड्रमची किक आणि बास एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि मन कामाला लागतं की हे कसं नीट करता येईल. ए अँड आरमध्ये हा कान सुरुवातीला घात करतो, आणि तो दोन्ही बाजूंनी करतो. खराब रेकॉर्डिंगमागचा मोठा गायक आपण नाकारतो, हे झालं एक. दुसरं जास्त धोक्याचं: सुंदर रेकॉर्ड केलेल्या सामान्य गायकावर आपण खूश होतो, कारण आपल्या कारागिरीची भाषा तिथे ऐकू येते. म्हणून ऐकताना मनात दोन रकाने करायचे. जे कुणीही चांगला इंजिनिअर किंवा अरेंजर दुरुस्त करू शकतो ते एका बाजूला, आणि तिकडे बघायचंच नाही. जे कुणीच आणून देऊ शकत नाही ते दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या रकान्यात काय येतं? आवाजाची ओळख. प्रल्हाद शिंदे, शाहीर साबळे, विठ्ठल उमप हे गळे तीन शब्दांत ओळखता येतात. त्यांतला एकही गळा आजच्या 'गुळगुळीत हवा' या मापात बसला नसता. मग शब्द टाकण्याची पद्धत: गायक अक्षर कुठे तोडतो, श्वास कुठे घेतो, मालवणी किंवा अहिराणी वळण लपवतो की मिरवतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःची सामग्री. हा माणूस गाणी आणतो कुठून? स्वतः लिहितो, एखादा कवीमित्र आहे, घरात गोंधळाची किंवा भजनाची परंपरा आहे, की प्रत्येक वेळी कुणीतरी गाणं द्यावं म्हणून वाट बघत बसतो? नुसता चांगला गळा महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहे. रिॲलिटी शोच्या प्रत्येक पर्वानं ते दाखवून दिलंय. गळ्याबरोबर गाणं घेऊन येणारा माणूस दुर्मीळ आहे, आणि माझी निवड जवळजवळ नेहमी त्याच्याकडे झुकते.

एक सवय लावून घ्या. नवीन डेमो पहिल्यांदा स्टुडिओच्या मॉनिटर स्पीकरवर ऐकू नका. मोबाइलच्या स्पीकरवर, दुसरं काहीतरी करत असताना ऐका आणि काहीही लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली कोणती ओळ आठवते ते बघा. एकही आठवली नाही तर कितीही छान मिक्स असो, थांबा. आठवली तर मग कलाकाराला भेटून एकाच वाद्यावर गायला सांगा. हार्मोनियम, गिटार, डफ, काहीही चालेल. हे ऐकायला आजकाल स्टेम, म्हणजे गाण्यातला गळा आणि वाद्यं, वेगळे करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती वापरून घरबसल्या निकाल लावू नका. समोर बसून ऐकण्यात निम्मी माहिती चेहऱ्यावरून मिळते.

काम नेमकं कुठे आहे तेही समजून घ्या, कारण 'ए अँड आर मॅनेजर' अशी पाटी मराठीत फार कमी दारांवर दिसेल. मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांचा बराचसा पैसा चित्रपटांचे संगीत हक्क विकत घेण्यात जातो. तिथे कलाकार शोधण्यापेक्षा निर्मात्याशी बोलणी जास्त असतात. खरं शोधकाम चित्रपटाबाहेरच्या संगीतात आहे, आणि छोट्या मराठी कंपन्यांत ते मालक स्वतः करतो किंवा 'कंटेंट' अशा नावाच्या पदावरचा कुणीतरी करतो. तिथे अर्ज करून जागा मिळत नाही. तुम्ही एखादा कलाकार घेऊन जाता आणि मग तुमचीही ओळख होते. स्वतंत्र कलाकारांची गाणी सगळ्या ॲप्सवर पोचवणाऱ्या वितरण कंपन्यांत मात्र 'आर्टिस्ट सर्व्हिसेस' किंवा 'लेबल रिलेशन्स' अशा जागा निघतात, आणि इंजिनिअरला आत शिरायला ते दार मला सगळ्यात रुंद वाटतं. फाइल कशी द्यायची, गाण्याला आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा, क्रमांक कसा लावायचा, वितरक बदलताना तोच बारा अक्षरी क्रमांक कायम ठेवला नाही तर आधीचे आकडे कसे तुटतात, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही.

मराठी संगीताचा बाजार वर्षाच्या सणांवर चालतो, आणि ए अँड आरला हे पंचांग तोंडपाठ हवं. गणपतीची गाणी ऑगस्टमध्ये सुचून उपयोग नाही, ती मे-जूनमध्ये रेकॉर्ड व्हायला हवीत. शिवजयंती १९ फेब्रुवारी, भीमजयंती १४ एप्रिल, नवरात्र, आणि लग्नसराईत ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी-कोळी हळदी. या प्रत्येकाचा श्रोता वेगळा, गायक वेगळे, आणि पैसा येण्याची वाटही वेगळी. हळदीच्या गाण्यांतले काही गायक यूट्यूबवर आणि कार्यक्रमांत इतके चालतात की लेबलच्या ॲडव्हान्सची त्यांना गरजच नसते. अशा कलाकाराकडे 'तुला मोठं करतो' म्हणून गेलात तर तो चहा पाजून परत पाठवेल. त्याचं दुखणं वेगळं असतं. त्याची गाणी दुसऱ्याच चॅनेलवर चढलेली असतात, कंटेंट आयडी या यूट्यूबच्या मालकी ओळखणाऱ्या व्यवस्थेतले दावे भलत्याच नावावर जातात, कवीचं नाव कुठेच नसतं, हिशेब वहीत असतो. हे नीट करून देणारा माणूस त्याला हवाय. इंजिनिअरला शिस्तीनं फाइल ठेवण्याची सवय असते, आणि इथे ती सवय थेट कामाला येते.

मग शोधायचं कुठे? विद्यापीठांचे युवा महोत्सव, पुण्यातली फिरोदिया करंडक ही महाविद्यालयांची स्पर्धा, आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो महोत्सव, गणेशोत्सवातली बेंजो पथकं आणि ऑर्केस्ट्रे, आंबेडकरी जलसे, जागरण-गोंधळाचे कार्यक्रम. यांतल्या काही ठिकाणी प्रेक्षकांकडे पाठ करून नका बसू, प्रेक्षकांत बसा आणि त्यांचे मोबाइल कधी वर जातात आणि कधी खिशात जातात ते बघा. रॅपच्या बाबतीत पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या छोट्या सायफर, म्हणजे रॅपर्सनी घोळका करून आळीपाळीनं गायच्या बैठकी, बघा. तिथली मुलं पंधरा माणसांसमोर जे लिहून आणतात ते दोन वर्षांनी सगळीकडे दिसतं.

आणि भाषेच्या कुंपणात अडकू नका. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी हाऊस गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं. त्या लेबलचं काम डान्स म्युझिकचं आहे, मराठीचं नव्हे, आणि गाण्याला जागा मिळाली ती त्या संगीतप्रकाराच्या दारातून. तुमच्याकडे येणारा प्रत्येक कलाकार मराठी लेबललाच दाखवायचा असं काही नाही. एखादीची जागा जॅझ लेबलमध्ये असेल, एखाद्याची मेटलमध्ये.

आकड्यांबद्दल थोडंसं. ते बघावेच लागतात. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम धरला जातो आणि २०२४ पासून बारा महिन्यांत किमान एक हजार स्ट्रीम झाले तरच त्या रेकॉर्डिंगला रॉयल्टी सुरू होते, म्हणजे नवख्या कलाकाराचा पहिला उंबरठा तिथेच ठरतो. मी एकूण आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघतो: किती जणांनी गाणं जपून ठेवलं, आणि एका गाण्यावरून किती लोक दुसऱ्या गाण्यावर गेले. एकच रील चाललेला कलाकार आणि पाच गाण्यांवर थोडे-थोडे पण तेच श्रोते परत येणारा कलाकार यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन.

आता तयारी, जी नोकरी न सोडता आजपासून करता येते. एक वही करा. दर आठवड्याला पाच-सहा नवी नावं ऐका, प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा: काय ऐकू आलं, याचा श्रोता कोण, पुढे काय होईल असं वाटतं, आणि मी याच्यावर स्वतःचे पैसे लावीन का. तारीख घाला आणि नंतर खाडाखोड करू नका. वर्षाअखेरीस ही वही तुमचा खरा बायोडेटा होते. लेबलवाल्याला तुमची क्रेडिट्स प्रभावित करतात, पण विकत घ्यायचा असतो तो तुमचा अंदाज, आणि अंदाजाचा पुरावा तारखेशिवाय देता येत नाही. गाणं चालल्यावर 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं म्हणणारे या धंद्यात रोज भेटतात.

या वहीतून एखादं नाव पुढे न्यायचं ठरलं की एक पानाची टिपणी लिहायला शिका. लेबलच्या बैठकीत हटकून येणारा प्रश्न एकच असतो: 'आवाज छान आहे, पण ऐकणार कोण?' टिपणीची सुरुवात तिथूनच करा. 'आवाज मखमली आहे' असली वाक्यं काढून टाका. 'सांगली-कोल्हापूरकडचे विशीतले श्रोते याला कॉलेजच्या कार्यक्रमांतून ओळखतात, चार गाणी तयार आहेत, त्यातलं दुसरं गाणं सगळ्यांत आधी बाहेर यावं, व्हिडिओशिवायही चालेल, एवढा खर्च' असं लिहा. काय बिनसू शकतं तेही लिहा. इंजिनिअर म्हणून तुम्ही खर्चाचा खरा अंदाज देऊ शकता, किती शिफ्ट लागतील, लाइव्ह ढोलकी हवी की प्रोग्रॅमिंगवर भागेल, हे तुम्हाला पाठ आहे. बैठकीतल्या बाकीच्यांना नसतं. तिथे तुमचा शब्द पटकन पडतो.

करार वाचायला शिकणं हे मात्र टाळता येणार नाही. वकील व्हायचं नाही, पण कलाकाराच्या डोळ्याला डोळा भिडवून कलम समजावता आलं पाहिजे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा लेबलला लिहून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो, आणि इथे ती सोसायटी म्हणजे १९६९ पासूनची आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. मास्टरचा, म्हणजे रेकॉर्डिंगचा, हक्क आणि गाण्याचा, म्हणजे शब्द-चालीचा, हक्क या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, एवढं एक वाक्य जरी तुम्ही प्रत्येक नव्या कलाकाराला नीट समजावलंत तरी पुढची निम्मी भांडणं टळतील. 'आउटराइट', म्हणजे एकदाच मिळणारी, रक्कम घेऊन सही करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

रॅपर्सच्या बाबतीत आणखी एक तपासा. बीट, म्हणजे रॅपखालचं तयार संगीत, कुठून आली? इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेली बीट त्याच वेळी आणखी पन्नास जणांकडे असू शकते, आणि अशा बीटवर लेबलला एकट्याचा हक्क मिळत नाही. मल्टिट्रॅक सेशन, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं ठेवलेल्या मूळ फाइल, मागा. ज्याच्याकडे फक्त एमपीथ्री आहे त्याच्याकडे बहुधा बीटचा हक्क नाही. लोकगीतांमध्ये 'पारंपरिक' या एका शब्दाखाली काय लपलंय ते खणा. कोळीगीत, भीमगीत, लावणी यांतलं बरंचसं कुणीतरी नाव-गाव असलेल्या माणसानं लिहिलेलं असतं. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी गावोगाव तोंडी फिरली. त्यांच्या नावाशिवाय ती छापणं हे कायद्यानं चूक आहेच, आणि माणुसकीनंही.

आता थोडं कडक बोलतो. तुमच्या हार्ड डिस्कवर नऊ वर्षांची सेशन्स आहेत. त्यातली प्रसिद्ध न झालेली एकही गोष्ट कुणाच्या परवानगीशिवाय लेबलला ऐकवू नका. 'फक्त कानावर घालतो' असंही नको. स्टुडिओत माणूस बेसावध असतो म्हणूनच तो तुमच्यासमोर खरा दिसतो, आणि तो विश्वास मोडला तर हा मधला वेळ तुमच्यासाठी कायमचा बंद होतो. कलाकाराला सरळ विचारा: 'तुझं हे गाणं अमुक ठिकाणी ऐकवू का?' बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. नाही म्हणाले तर विषय संपला. तसंच लेबलमध्ये गेल्यावर मिक्सिंगचं काम स्वतःकडे किंवा जुन्या स्टुडिओकडे वळवायचं असेल तर ते बैठकीत उघड सांगून करा. आणि नवख्या कलाकाराकडून निवडीसाठी पैसे घेणारी कुठलीही जागा, तिचं नाव कितीही मोठं असो, तिथे काम करू नका. गायकाच्या आईवडिलांनी कर्ज काढून अल्बमचा खर्च दिल्याची प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत. ते शोधकाम नव्हे, ती वसुली आहे.

'नाही' म्हणणं हाही कामाचा मोठा भाग आहे, आणि स्टुडिओत आपल्याला ते कधी करावं लागत नाही. तिथे येणारा प्रत्येक जण ग्राहक असतो. इथे शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जणांना नकार द्यायचा असतो, त्यांतले काही तुमचे जुने मित्र असतील. नकार लवकर द्या, स्वतः द्या, आणि एक तरी उपयोगी कारण द्या. 'अजून थोडं पॉलिश कर' असं म्हणून टांगत ठेवू नका. 'ही चारही गाणी एकाच ठेक्यावर आहेत, तुझा स्वतःचा विषय मला अजून सापडला नाही' हे ऐकून माणूस दुखावतो, पण वर्षभरानं तोच पाचवं गाणं पाठवतो. मी घेतलेल्या कलाकारांत असे परत आलेले बरेच आहेत.

पैशांचं असं करा. स्टुडिओ एकदम सोडू नका. पहिलं वर्ष आठवड्यातले तीन-चार दिवस मिक्सिंग ठेवा आणि उरलेल्या वेळात एखाद्या छोट्या लेबलसाठी कामापुरतं, म्हणजे एका ईपीपुरतं (थोड्या गाण्यांच्या छोट्या अल्बमपुरतं) किंवा सणाच्या गाण्यांच्या एका संचापुरतं, निवडीचं काम मागा. मोबदला कमी असला तरी करारात स्वतःचं नाव आणि मास्टरमधला छोटा टक्का मागायला लाजू नका. तो टक्का तोंडी ठरवू नका. त्याच वेळी वितरण कंपन्यांतल्या जागांवर लक्ष ठेवा. पूर्ण वेळची जागा मिळाली की मग शिफ्ट कमी करा. घरभाडं आणि हप्ते मिळून सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय ही उडी मारू नका, कारण पैशाची चणचण असलेला माणूस चुकीच्या कलाकाराला हो म्हणतो.

बायोडेटा पाठवणार असाल तर क्रेडिट्सची दोन पानी यादी काढून टाका. वर तीन कलाकारांची नावं, प्रत्येकाशी तुमचा संबंध केव्हा आला आणि तेव्हा त्यांना किती लोक ओळखत होते, एवढंच लिहा. खाली आज तुम्ही कुणावर पैज लावाल ती दोन नावं, त्यांच्या परवानगीनं, गाण्याच्या लिंकसह. तुमच्या वहीतली एखादी टिपणी तयार झाली की मला पाठवा, वाचून सांगतो.